दुसऱ्या कार्डाला हात लावला नव्हता

धाकट्या भावाला घरात सगळे ‘वादळ’ म्हणतात. नाव त्याच्या ताईनं ठेवलेलं. बस थांबायच्या आत उतरणारा, चहानं तोंड भाजून घेणारा माणूस, दुसरं काय म्हणणार?

ताई मात्र थांबणारी. ती कर्नलवर, म्हणजे संगणकाच्या सगळ्यात आतल्या प्रोग्रॅमवर काम करते. डिस्कवर किंवा कॅमेऱ्याच्या कार्डावर कुठली फाइल कुठे ठेवायची हे ठरवणारी एक फाइलसिस्टीम तिच्या देखरेखीखाली आहे.

वादळाचा फोटो स्टुडिओ. एकदा त्यानं एका लग्नाची दोन कार्डं संगणकाला लावली, काम झालेलं एक उपसलं, आणि दुसऱ्यातले फोटो मातीमोल झाले.

“ताई, दुसऱ्याला मी हातसुद्धा लावला नव्हता.”

“वादळा, तुझा हात मला माहीत नाही होय?” ती म्हणाली. विषय संपला.

तो नवरीच्या आईकडे गेला, चूक माझी म्हणाला, आणि लग्नाची कामं घेणं त्यानं सोडून दिलं. आता पासपोर्टचे फोटो काढतो.

यंदा ताईला एका अनोळखी माणसाची मेल आली. एक कार्ड काढलं, दुसऱ्यावरच्या फाइली बिघडल्या. ताईनं जेवणाचा डबा उघडला होता, तो तसाच बंद केला.

या कामात चूक आधी आपल्याकडे घडवून आणावी लागते, दुरुस्ती त्यानंतर. ताईकडे ती घडेना. तिची चाचणी तिच्यासारखीच शिस्तीची होती: लिहिणं संपेपर्यंत थांबायचं, मग कार्ड काढायचं. तिनं हातानं ओढून पाहिलं, तर कधी फार लवकर, कधी उशिरा. शेवटी तिनं भावाला त्याच्या जुन्या कार्ड रीडरसकट बोलावलं. बरोबर भावजयही आली. त्यानं दोन कार्डं लावून फाइली संगणकावर घ्यायला सुरुवात केली.

फाइली उतरल्या. वादळ हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

“काढ ना.”

“रीडरचा दिवा विझू दे.”

“पूर्वी थांबायचास का?”

“पूर्वी तू एवढी बोलली नव्हतीस.”

भावजय हसली. “वन्सं, हल्ली लिफ्टचं दार उघडलं तरी हे विचारतात, उतरू का?”

ताईला हसू आलं नाही. तिनंच त्याची खोड मोडली होती, आणि आज तिला नेमकी तीच खोड हवी होती.

“बस सुटतेय असं समज,” ती म्हणाली.

त्यानं कार्ड उपसलं. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा पडदा अक्षरांनी भरला. मेमरीवर पहारा ठेवणाऱ्या तपासनीस प्रोग्रॅमनं चोर पकडला होता.

ताईनं दोघांना समजावलं. भाडेकरूनं घर सोडलं, घरात दुसरा राहायला आला, तरी पहिल्याचा सुतार आत खिळे ठोकतच होता. कार्ड काढल्यावर फाइलसिस्टीम त्या कार्डासाठी घेतलेली मेमरी परत करत होती, पण मागे चाललेलं एक काम तिथेच लिहीत होतं. तोवर ती मेमरी दुसऱ्या कार्डाला मिळालेली असायची.

“सुताराला थांबवायचं कोणी?” भावजयीनं विचारलं.

“मी. ती ओळ माझी आहे.” मग भावाकडे न बघता म्हणाली, “दुसऱ्याला हात लावला नव्हतास तू.”

“तेच तर सांगत होतो.”

दुरुस्ती छोटी होती. मेमरी परत करण्याआधी मागचं काम संपेपर्यंत थांबायचं. ज्या गोष्टीसाठी तिनं भावाला जन्मभर टोकलं, ती तिनं स्वतःच्या प्रोग्रॅमला सांगितलीच नव्हती.

अशा दुरुस्तीला एक टीप जोडतात. चूक कुठल्या बदलानं आली आणि कोणी कळवली, हे त्यात लिहायचं असतं, आणि ते जगभर कोणालाही वाचता येतं. ताईनं स्वतःचा जुना बदल नोंदवला. कळवणाऱ्यांत त्या अनोळखी माणसाच्या आधी भावाचं नाव घातलं.

“माझं कशाला? मी काय केलं?”

“पहिली तक्रार तुझी होती.” मग ती म्हणाली, “त्या नवरीच्या आईकडे मी जाते. सांगते त्यांना, तुझी चूक नव्हती.”

“काय सांगशील, कर्नल? त्यांना फोटो हवे होते, ताई.”

तिनं दुरुस्त केलेला कर्नल चढवला आणि कार्ड पुन्हा त्याच्यापुढे केलं.

फाइली उतरल्या.

“काढू?” त्यानं विचारलं.

“काढ. कधीही काढ, आता काही होत नाही.”

तो दिवा विझेपर्यंत थांबला.