द्या ती पळी इकडं

आमच्या थोरल्या साडूंइतका तापट माणूस परभणी जिल्ह्यात झाला नाही, आणि त्यांच्या तापटपणापायी माझ्याइतका उपाशी राहिलेला माणूसही झाला नाही. पहिली गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरीची दखल आजवर एकाही माणसानं घेतलेली नाही, याचा मला अजून संताप येतो. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे मालक. नातं जोडताना मला कुणी विचारलं नव्हतं. मुलगी पाहायला गेलो तेव्हा सफारीतला एक उंच, काळासावळा गृहस्थ पोह्यांच्या बशा वाटत होता आणि मला म्हणत होता, "घ्या की अजून! लाजायलाय का पाहुनं?" मी नको नको म्हणत असताना त्यांनी माझ्या बशीत पोह्यांचा ढीग केला आणि वर, मी तो संपवला नाही म्हणून, रागावले. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं.

साडू जमीन मोजणी खात्यात होते. जिंतूरपासून सोनपेठपर्यंत कुणाचा बांध कुणाच्या वावरात किती सरकलाय हे त्यांना तोंडपाठ होतं, आणि त्याबद्दल त्या दोघा शेजाऱ्यांना वाटत नसेल इतका राग साडूंना वाटायचा. ते कशावरही चिडत. चहा कपात दिला तर बशी कुठंय म्हणून चिडत, बशी दिली तर फुटकी का म्हणून. औरंगाबादच्या विद्यापीठाचं नामांतर तेव्हा व्हायचं होतं. ठराव झालेला, दंगली होऊन गेलेल्या, मोर्चे चाललेले. पण साडूंच्या लेखी ते कधीच झालेलं होतं. एकदा तिथल्या शहर बसमध्ये त्यांनी कंडक्टरकडे नव्या नावानं तिकीट मागितलं. कंडक्टर म्हणाला, "त्या नावाचा स्टॉप अजून आलेला नाही." साडू म्हणाले, "मग आल्यावर उतरतो." आणि खरोखर उतरले नाहीत. बस डेपोत गेली, आम्ही डेपोत गेलो. तिथून भर उन्हात चालत परत आलो, आणि वाटेत ते माझ्यावरच चिडले, की मी त्यांच्या बाजूनं पुरेशा मोठ्यानं का बोललो नाही.

पण त्यांचा खरा राग पंगतीतला. कुठल्याही लग्नात गेले की साडू नवरा-नवरीकडे नंतर बघत, आधी थेट आचाऱ्याकडे. टॉवेल कमरेला, बाह्या वर, आणि हात पुढे करून एकच वाक्य: "द्या ती पळी इकडं." आमटीची बादली एका हातात, पळी दुसऱ्या हातात, आणि मग पंगतीतून त्यांचं जे फिरणं चाले ते बघण्यासारखं असे. म्हाताऱ्यांना रस्सा पातळ, गड्यांना दाट, 'नको' म्हणणाऱ्याला दुप्पट. सगळ्या पंगती उठल्या की शेवटी ते मला बसवत आणि माझ्या पानात इतकं वाढत की समोरचा माणूस दिसेनासा होई. ही झाली चांगली लग्नं. दुसऱ्या तऱ्हेच्या लग्नांत यजमान हसून म्हणत, "साहेब, तुमी पाहुने, तुमी बसा. वाढायला पोरं हायेत." वाक्य साधं, वागणंही अदबीचं. पण साडूंच्या कपाळाची शीर उडायला लागायची. ते पळी मिळेपर्यंत पानावर बसत नसत, आणि पळी मिळाली नाही तर त्या घरचं पाणीसुद्धा न पिता निघत. साडू निघाले की मलाही निघावं लागे, कारण मागं राहून जेवणारा साडू लोकांच्या जन्मभर लक्षात राहतो. मला जेवण आवडतं हे इथं स्पष्टच सांगतो. किती बुंद्या, किती जिलब्या मी अशा डोळ्यांदेखत सोडून आलो!

त्यातला सर्वांत जिव्हारी लागलेला प्रसंग दादासाहेबांच्या घरचा. दादासाहेब म्हणजे साडूंच्या गावचे, गोदाकाठचे बडे बागायतदार. साडूंनी त्यांचा सगळा मळा मोजून दिला होता. वावरात दादासाहेबांनी त्यांच्यासाठी खुर्ची मागवली, छत्री धरायला माणूस ठेवला, 'मोजणीसाहेब, मोजणीसाहेब' केलं आणि मुलीच्या लग्नाचं आवतण स्वतः दिलं. आम्ही गेलो. मी पानावर बसलो, पानात गरम बुंदी पडली, येसराच्या आमटीचा वास आला. येसर म्हणजे आमच्याकडे लग्नाघरी धान्यं आणि मसाले भाजून दळतात ते. त्याच्या आमटीसाठी मी कुठंही जाऊ शकतो. तेवढ्यात मागून दादासाहेबांचा आवाज आला, "मोजणीसाहेब, पळी राहू द्या. तुमी बसा." आणि पाठोपाठ साडूंचा, "कामून? मोजणीची साखळी चालती माझ्या हातची, पळी चालत न्हाई?" सगळी पंगत थांबली. दादासाहेब दुसऱ्या पाहुण्यांकडे वळले. मी बुंदीकडे एकदा पाहिलं आणि उठलो. परतताना जीपमध्ये साडू म्हणाले, "साडूभाऊ, ह्या मानसाला एक दिवस माझ्या हातानं वाढनार. वाढल्याबिगर मरनार न्हाई." मी भुकेनं इतका चिडलो होतो की मला फक्त मागं राहिलेली बुंदी दिसत होती.

हे सगळं कुठून आलं ते मला त्यांच्या बायकोनं, म्हणजे माझ्या मेव्हणीनं, सांगितलं. ते स्वतः कधी बोलले नाहीत. आम्ही बौद्ध, पण ही गोष्ट आमच्या लोकांनी दीक्षा घेण्याच्या आधीची. साडू लहान होते. त्याच घरात, दादासाहेबांच्या वडिलांच्या वेळी, लग्न होतं. आमच्या लोकांची पंगत गोठ्याच्या भिंतीमागं. वाढणारा उभ्यानंच, कमरेच्या उंचीवरून आमटी सोडायचा, पळी पानाला लागू नये म्हणून. निम्मी आमटी मातीत. लहानग्या साडूंना वाटलं, याला वाकायला त्रास होतोय. म्हणून त्यांनी पत्रावळ दोन्ही हातांनी उचलून पळीजवळ नेली. तो माणूस मागं सरला आणि ओरडला, "खाली ठेव! पान खाली ठेव!" मेव्हणीनं हे सांगितलं तेव्हा मला त्या वाढप्याचा असा राग आला की तो समोर असता तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. त्यानंतर साडूंबरोबर उपाशी परतताना मी कुरकुर करणं सोडलं नाही, पण आवाज कमी केला.

साडूंची थोरली मुलगी सुजाता. तिनं स्वयंपाकाचा म्हणजे केटरिंगचा कोर्स केला आणि औरंगाबादच्या एका बड्या हॉटेलात लागली. बाग, तळं, पोहण्याचा हौद असं ते हॉटेल, लेणी बघायला येणारे परदेशी पाहुणे तिथं उतरत. मुलगी हॉटेलात चुलीपुढं उभी राहते म्हणून भावकीनं नाकं मुरडली. साडू त्या सगळ्यांवर एकेक करून चिडले. सुजाता अजून उमेदवारीवर होती, नोकरी पक्की व्हायची होती. हॉटेलानं 'फूड अँड वाइन फेस्टिव्हल' काढला आणि त्यात मराठवाडी जेवणाचं टेबल तिला दिलं. ते नीट पार पडलं तर नोकरी पक्की होणार होती. तिनं दोन पास पाठवले आणि मला वेगळा निरोप दिला, "काका, बाबांना तेवढं सांभाळा. तिथं कुणाला पळी मागू देऊ नका." मीही सरकारी नोकर, पण एवढी मोठी जबाबदारी सरकारनंसुद्धा माझ्यावर कधी टाकली नव्हती.

दुपारची वेळ. हिरवळीवर छत्र्या, छत्र्यांखाली टेबलं. साडू सफारीत, खांद्यावर टॉवेल. टॉवेल काढा म्हणालो तर म्हणाले, "लेकीच्या घरी काम निघतं मानसाला." पहिल्याच टेबलावर काही साहेब लोक पेल्यात थोडी वाइन घेऊन, तोंडात फिरवून, भांड्यात थुंकत होते. साडू थबकले. "जेवनाआधीच चूळ भरायलेत?" मी सांगितलं की ही चव घ्यायची रीत आहे. "मग गिळत कामून न्हाईत? द्राक्षं पिकवनाऱ्याची काही इज्जत?" तोवर गळ्याला काळा बो बांधलेल्या माणसानं त्यांच्यापुढं पेला धरला. साडू पंचशील पाळणारे, त्यातलं पाचवं दारू न पिण्याचं. ते कडाडले, "पाचवं शील ठाऊक हाय का तुमाला?" तो अदबीनं म्हणाला, "सॉरी सर, तो ब्रँड आमच्याकडे नाही." मी साडूंचा दंड धरून त्यांना पुढं ओढलं.

पुढं पाटी होती: 'प्लीज हेल्प युवरसेल्फ'. साडूंनी ती दोनदा वाचली. "म्हंजे काय? आपलं आपन बघा! पास देऊन बलवायचं, आन् दारात पाटी लावायची, आपलं आपन बघा! अशी बेइज्जती दुष्मनाची करू न्हाई." लोक हातात बशा घेऊन उभ्यानं खात होते, स्वतःच वाढून घेत होते, कुणी कुणाला आग्रह करत नव्हतं. साडूंना ते बघवेना. "एकजनबी 'घ्या' म्हनंना कुनाला! हे काय जेवन म्हनायचं?" असं पुटपुटत ते चालले होते, आणि मी सुजाताचं टेबल आमच्यापासून किती लांब आहे ते बघत होतो.

ती उंच पांढरी टोपी घालून टेबलामागं उभी होती. पुढं तांब्याचं पातेलं, पातेल्यात येसराची आमटी, शेजारी भाकरी आणि ठेचा. बाजूला हॉटेलचे मॅनेजर उभे. आणि टेबलापुढं, हातात बशी घेऊन, कोट घातलेले दादासाहेब. औरंगाबादच्या कुठल्याशा मोठ्या माणसाबरोबर आले होते. मी साडूंना धरायला गेलो, पण तोवर टॉवेल कमरेला गेला होता. सुजातानं माझ्याकडे पाहिलं. साडूंनी पातेल्यातली पळी उचलली. दादासाहेब सोबतच्या माणसाशी बोलण्यात गुंग. हॉटेलचा माणूस असेल असं समजून त्यांनी न बघताच बशी पुढं केली. पळी बशीला टेकली. टिक असा आवाज झाला तो मला स्पष्ट ऐकू आला. आमटी वाढून झाली.

तिथंच थांबायला हवं होतं. काम झालं होतं. पण न बघता घेतलेलं वाढप साडूंना मंजूर नव्हतं. ते खड्या आवाजात म्हणाले, "दादासाहेब, वर बगा. मी मोजणीवाला. तुमच्याच गावचा. ही माझी लेक, आन् ही आमटी तिच्या हातची." दादासाहेबांनी वर पाहिलं. बशी पुढं धरलेली तशीच राहिली. सुजाता बापाकडे नाही, मॅनेजरकडे पाहत होती. मला तर वाटलं, आता ते बशी खाली ठेवणार आणि पोरीची नोकरीही तिथंच राहणार. दादासाहेबांनी बशीकडे पाहिलं, आजूबाजूला पाहिलं, भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि खाल्ला. मग खाकरून म्हणाले, "झणझणीत झालीया. पोरगी तुमची का?" साडू म्हणाले, "घ्या की अजून!" आणि दुसरी पळी वाढली.

मला वाटलं, साडू आता खूश होतील. कसले खूश! हिरवळीच्या कडेला एका पायरीवर जाऊन बसले आणि धुमसायला लागले. "मॅनेजर बगत होता म्हनून खाल्लं त्यानं. साडूभाऊ, हॉटेलात कुनीबी खाईल. आमच्या वस्तीत येऊन, मांडी घालून खा म्हनावं!" मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर मोठ्यानं ओरडलो, की तुमचं समाधान होणार तरी कशानं? त्यांनी कमरेचा टॉवेल सोडून खांद्यावर टाकला. थोड्या वेळानं सुजाता टोपी काढून ताट घेऊन आली, बापापुढं बसली आणि आमटी वाढली. त्यांनी एक घास घेतला. डोळे भरून आले होते. "मीठ कमी हाय," एवढंच बोलले. मीठ अगदी बेताचं होतं. मी स्वतः तीनदा आमटी घेतली.

सुजाताची नोकरी पक्की झाली. पुढं नामांतरही झालं. साडूंनी मुद्दाम जाऊन त्याच बसचं तिकीट नव्या नावानं मागितलं. कंडक्टरनं मुकाट्यानं फाडून दिलं, तर भांडायला कुणी उरलं नाही म्हणून चिडून परतले. त्यानंतर फार दिवस काढले नाहीत त्यांनी.

त्यांच्या पुण्यानुमोदनाचं, म्हणजे आमच्यात मयताच्या दिवसांचं, जेवण गावीच केलं, वस्तीतल्या विहारापुढं. आमटी येसराची, केली सुजातानं. पळी मी घेतली. दुसरं कोण घेणार? पंगत अर्धी झाली तेव्हा एक जीप आली. दादासाहेब उतरले, पार वाकलेले, हातात काठी. कुणाला काही न विचारता पंगतीत आमच्या लोकांमधे हळूहळू मांडी घालून बसले. मी बादली घेऊन त्यांच्यापर्यंत आलो. गुडघ्यांमुळं त्यांना पानाजवळ सरकता येत नव्हतं, म्हणून त्यांनी पत्रावळ दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढं धरली. खोटं कशाला सांगू, 'खाली ठेवा' हे शब्द माझ्या तोंडात आले होते. यायचंच होतं तर तो माणूस जिवंत असताना का नाही आलात, असंही ओरडून विचारावंसं वाटलं. पण पळी माझ्या हातात होती, आणि ती माझी नव्हती. मी वाकलो, पानाला पळी टेकवली आणि म्हणालो, "घ्या की अजून."

सगळ्या पंगती उठल्या. आता तुम्ही बसा, असं कुणीतरी मला म्हणालं. मी बसलो आणि सवयीनं वाट बघत राहिलो. अशा वेळी माझ्या पानात ढीग करणारा माणूस एकच होता. बऱ्याच वेळानं बादली जवळ ओढली आणि माझ्यापुरती आमटी मीच वाढून घेतली.