भावजींचे अकरा जण

अख्ख्या धारवाडात आमच्या भावजींइतकं खात्रीनं बोलणारा आणि भावजींइतका हमखास चुकणारा माणूस दुसरा झाला नाही, आणि होऊही नये; एकालाच सांभाळताना आम्ही सगळे मेटाकुटीला आलो होतो. भावजी म्हणजे आमच्या थोरल्या अक्काचे यजमान. हायस्कुलात सायन्स शिकवायचे. पाऊस कधी पडेल, गाडी किती उशिरा येईल, असल्या गोष्टींवर ते बापडे कधी बोलले नाहीत. त्यांचा विषय एकच, भारताचा फुटबॉल संघ. बाहेरच्या एखाद्या देशाशी मैत्रीचा सामना ठरल्याची दोन ओळींची बातमी पेपरात आली, की आपले कोणते अकरा जण मैदानात उतरणार हे भावजी निवड समितीच्याही आधी ठरवून मोकळे व्हायचे. सगळा देश क्रिकेटच्या मागे लागलेला, आणि आमच्या नशिबी हे!

संघ मांडायची जागा म्हणजे अक्काचं स्वयंपाकघर. कोपऱ्यातल्या फळीवर गोलकीपर म्हणून नारळ, बॅकला बटाटे, हाफला कांदे आणि पुढं पळणारे ते लसणीचे गड्डे. एकदा मांडलेला संघ सामना होईपर्यंत हलवायचा नाही. अक्का पदर खोचून विळीपाशी बसलेली. "अहो, पाव्हणे आलेत. राइट बॅक चिरू का?" "अगं, त्याला नको! आत्ता कुठं फॉर्मात आलाय. पोत्यातला राखीव घे." पोत्यात राखीव असेल तर ना! मी स्वतः त्या घरी नुसत्या चटणी-भाकरीवर जेवून आलोय, कारण सगळी भाजी देशासाठी खेळत होती. अळणावरला आमच्या चुलत बहिणीचं लग्न होतं, तेव्हा कुणाला दुर्बुद्धी सुचली आणि पंगत बसवायचं काम यांच्याकडं दिलं. यांनी मुलाच्या वडलांना उचलून पार मागं, भिंतीला टेकवून बसवलं आणि वर कौतुकानं सांगितलं, "तुमचा बांधा बचावाचा आहे. पुढं वाया जाल." वाढपी तिथवर पोचेस्तोवर जिलबी संपली. ते व्याही आजतागायत आमच्याशी धड बोलत नाहीत.

बरं, एवढं करून अंदाज बरोबर यावा, तर शपथ! भावजींनी ज्याचं नाव घ्यावं त्याचा गुडघा सुजावा, त्याला कावीळ व्हावी, नाहीतर काहीएक कारण न देता त्याला घरी धाडावं. कोपऱ्यावरच्या हॉटेलाचे मालक, त्यांना सगळे राव म्हणायचे, ते भावजींना बघितलं की हात जोडायचे. "सर, माझ्या हॉटेलचं नाव तेवढं कुठं घेऊ नका हां. सुम्न कूडरी, गप बसा आणि चहा घ्या." भावजी असे भडकायचे! "अडाणी लोक तुम्ही! मी इथं बोललो म्हणून कलकत्त्यात कुणाचा गुडघा सुजतोय? आवाज एवढ्या लांब जात नाही हो!" सायन्सचा माणूस. पण गुडघे सुजत राहिले.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर वसंताला बोलावणं आलं. वसंता हा भावजींचा धाकटा भाऊ, इथंच जवळ बेलूरला कारखान्यात नोकरीला आणि कारखान्याच्या टीमचा लेफ्ट हाफ. आईवडील लवकर गेले. त्याला भावजींनीच वाढवला. केलगेरीच्या तळ्याजवळ विजार गुडघ्यापर्यंत दुमडून स्वतः गोलात उभे राहायचे आणि अनवाणी वसंताला बॉल मारायला लावायचे. भावजींच्या अकरा जणांत लेफ्ट हाफला वर्षानुवर्षं एकच नाव, वसंताचं, आणि इतकी वर्षं त्याला कुणी हिंग लावून विचारलं नव्हतं. त्या खेपेला भावजींचा घसा बसला होता, संघ सांगायचा राहून गेला, आणि नेमकं तेव्हाच भारताच्या संघाच्या शिबिराचं पत्र आलं! आता तुम्हीच सांगा, लोक काय म्हणणार? वसंताचं वय उतरणीला लागलेलं. या सामन्यात उतरला तर उतरला, नाहीतर पुन्हा कोण विचारतंय.

अक्कानं तर हातच जोडले. "या खेपेला वसंताचं नाव घ्यायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हांला."

"तूसुद्धा?" भावजी म्हणाले.

"मी अडाणीच बरी. त्या पोराला मी भरवलंय."

राव त्याच्याही पुढं गेले. "नुसतं गप्प बसून काय होतंय, सर? त्या कलकत्त्याच्या लेफ्ट हाफचं नाव घ्या की! तो आडवा झाला की आपला वसंता आत." सगळं हॉटेल म्हणालं, होय की, होय की. भावजी वाद घालतील, निदान ओरडतील असं मला वाटलं होतं. पण ते उभे राहिले आणि संघ सांगायला लागले. लेफ्ट हाफपाशी आले आणि थांबले. ज्याला ते जन्मभर 'बैल' म्हणत आले, त्या कलकत्तेवाल्याचं नाव त्यांनी घेतलं, तेही इतक्या हळू की रावांना पुन्हा विचारावं लागलं. मग चहा न घेताच घरी गेले. सायन्स शिकवणाऱ्या माणसानं भावाच्या मायेपोटी दुसऱ्याचा गुडघा सुजावा म्हणून नाव घेतलं, याचं मला हसू यायला हवं होतं, पण नाही आलं.

सामन्याच्या दिवशी हॉटेलात रेडिओ लावला. समालोचकानं आपला संघ वाचायला सुरुवात केली. गोलकीपर भावजींचा. राइट बॅक भावजींचा. "बरोबर! बरोबर!" पोरं टेबलं बडवायला लागली. पाचवं नाव बरोबर आलं, आता पाळी लेफ्ट हाफची, तेव्हा टेबलं थांबली. रावांनी हातातली किटली खाली ठेवली. लेफ्ट हाफ म्हणून त्या बैलाचं नाव आलं, आणि पुढची नावंही एकामागून एक तीच, भावजींनी सांगितलेली. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्यांचे अकराच्या अकरा बरोबर आले. कुण्या शहाण्यानं टाळी वाजवली. भावजी उठले. दारात मी त्यांना गाठलं, तर म्हणाले, "आजच्या दिवस चुकलो असतो तर काय बिघडलं असतं रे?" देवानं असली थट्टा माणसाची करू नये, एवढंच वाटलं.

वसंता परत आला त्या दिवशी आम्ही दोघं हुबळी स्टेशनवर गेलो होतो. भावजी मला म्हणत होते, "मी त्याला सगळं सांगणार. नाव घेतलं नाही म्हणून सांगणार." गाडीतून वसंता उतरला, वाळलेला, खांद्याला बॅग. वाकून पाया पडला आणि हसला.

"अण्णा, टीम वाचली आणि माझं नाव नाही आलं, तेव्हा मी काय म्हटलं ठाऊक आहे? म्हटलं, जाऊ दे. आमच्या अण्णाच्या टीममध्ये तर मी आहेच. तिथून मला कोण काढतंय?"

भावजींनी माझ्याकडं बघितलं. मग त्याच्याकडं बघितलं.

"आहेस की," ते म्हणाले. "तुझं नाव पहिलं घेतो मी."

त्याची बॅग त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि भराभर पुढं चालायला लागले. वसंता त्यांच्या मागं निघाला, तसा मी त्याचा दंड धरला आणि चहाच्या गाड्यापाशी थांबवून ठेवला, भावजींना डोळे पुसायला सवड मिळावी म्हणून.