गिरणीच्या वासाची बाटली

मी वास बनवते, असं सांगितलं की लोकांना वाटतं मी दिवसभर गुलाबपाण्यात लोळते. कसलं काय! माझी निम्मी नोकरी फिनेल आणि धुण्याच्या पावडरीत गेली. सुरुवात फणसवाडीतल्या एका उदबत्तीवाल्याच्या माळ्यावर झाली, मग साबणाच्या कंपनीत आले आणि तिथेच रुजले.

या कामात दोन गोष्टी शिकले. एक, चांगल्या वासात थोडी घाण लागतेच. मोगऱ्यातली घाण काढून टाका, मोगरा प्लास्टिकचा होतो. दुसरी, आपल्या नाकावर विश्वास ठेवायचा नाही. एकाच वासात बसून राहिलं की नाक मुकाट्याने काम सोडून देतं. म्हणून वासात बुडवलेली कागदाची पट्टी नेहमी बाहेरून आलेल्या माणसाच्या हातात द्यायची. नव्या पोरींना मी हे इतक्यांदा बजावते की त्या माझ्या पाठीमागे माझी नक्कल करतात.

बाबा लालबागच्या गिरणीत कताईखात्यात होते. गिरणी बंद पडून जमाना झाला. त्यांना ऐंशी लागलं तेव्हा माझ्या डोक्यात किडा शिरला, की बाबांना त्यांच्या गिरणीचा वास बाटलीत घालून द्यायचा. लहानपणी ते पाळीवरून यायचे तेव्हाचा तो वास मला पक्का आठवत होता. मशीनचं तेल, गरम झालेला कापूस, आंबूस खळ, घाम. आई त्यांना गॅलरीतच अडवायची. "सदरो भायर काढा, मगे घरात येवा!" सदरा दाराबाहेरच्या खिळ्यावर आणि बाबा थेट मोरीत, हा रोजचा नेम.

दोन वर्षं मी त्या वासाच्या मागे होते. तेल जमलं की कापूस हरवायचा. घाम जरा जास्त पडला की सगळं रेल्वेच्या वेटिंग रूमसारखं व्हायचं. रविवारी आई-बाबांकडे लालबागच्या चाळीत जायचे तेव्हा पर्समध्ये बाटली असायचीच. आई भाकऱ्या थापता थापता हात पुढे करायची, "हुंगू दे गो जरा." मी म्हणायचे, "अर्धवट काम मी कोणाला दाखवत नाही. आणि आधी बाबांना." ती हसायची. "बापाचा चेडू!" म्हणायची, म्हणजे बापाचीच लेक, आणि तव्याकडे वळायची.

गेल्या आषाढात आई गेली. सकाळी चहा ठेवला, बरं वाटत नाही म्हणून आडवी झाली, संपलं.

बाटली त्यानंतर जमली. कशी कोण जाणे, एका दुपारी पट्टी नाकाशी नेली आणि मी थेट गॅलरीत उभी होते, सदऱ्याच्या खिळ्याखाली. रडले चांगली. मग टॅक्सी केली आणि लालबाग गाठलं.

बाबांनी पट्टी हुंगली. परत हुंगली. चष्मा काढला, जणू चष्म्याने वास अडतोय.

"कसलो वास गो ह्यो?"

"अहो, गिरणीचा! तुमच्या खात्याचा!"

त्यांना वाईट वाटलं, माझ्यासाठी. पट्टी माझ्या हातात परत देत म्हणाले, "माका थंय कधी वास इलोच नाय."

आयुष्य त्या कापसात काढलेल्या माणसाला कापसाचा वास कुठून येणार? पोरींना रोज शिकवते ते मला सख्ख्या बापाच्या बाबतीत सुचू नये? हा वास गिरणीचा नव्हताच. आमच्या दारातला होता, बाहेरून आलेल्या सदऱ्याचा. तो ओळखणारी बाई दर रविवारी माझ्यासमोर हात पुढे करून उभी होती, आणि मी तिला थांब म्हणत राहिले. माझा जीव तुटतो तो ह्यासाठी.

बाबा माझ्याकडे बघत होते. समजूत काढायची म्हणून बोलले असतील, किंवा नुसती सवय.

"तुझ्या आवशीक कळतला," ते म्हणाले. "तिका दाखव."