शपथेनंतरचा साहेब

अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गला आमच्या शेजारी एक इंग्रज गृहस्थ राहायचे. आमची मुलं त्यांना काका म्हणत, मी मात्र पाठीमागे 'साहेब'च म्हणायचे. दीडशे वर्षं राज्य केलंत, आता एवढं तर ऐकून घ्या! साहेबांची मुलगी, नातवंडं सगळी इथली. आपणही एकदा मत द्यावं असं त्यांना फार वाटे, पण सिटिझनशिप काही घेईनात. घोडं अडलं होतं शपथेपाशी. त्यात परक्या राजा-राणीवरची निष्ठा सोडावी लागते. तसा त्यांचा पासपोर्ट ब्रिटिश, पण कोणी ब्रिटिश म्हटलं की ते लगेच "इंग्लिश" अशी दुरुस्ती करत. "शपथ घेतल्यावर मी कोण उरेन?" त्यांनी एकदा कुंपणापाशी मला विचारलं. मला रागच आला. मीही अर्ज करून बसले होते आणि तोच प्रश्न मी कसाबसा दाबून ठेवला होता.

शेवटी २००७च्या उन्हाळ्यात योगायोगानं दोघांची शपथ एकाच सकाळी आली. साहेबांनी हात वर केला, पण आवाज फुटेना. नुसते पुटपुटले. 

आम्ही दोघं आमच्या घरी परतलो, तर बेसमेंटमध्ये आमची मित्रमंडळी मॅच बघत होती. इंग्लंडमध्ये भारताविरुद्ध वन-डे चालली होती. एरवी या घोळक्यात साहेब एकटे इंग्लंडसाठी घसा फोडायचे, आम्ही त्यांची यथेच्छ टर उडवायचो. आज कोपऱ्यात बसले. इंग्लंडचा चौकार गेला तरी हूं की चूं नाही. मेल्या त्या शपथेनं चांगला माणूस गिळला, असं मला वाटलं.

अखेर इंग्लंड जिंकलं आणि साहेब खुर्चीतून उसळलेच. "वी डिड इट!"

"वी म्हणजे कोण, काका?" नवऱ्याचा मित्र चिडवायला लागला. "आता तुम्ही अमेरिकन ना, यार!"

 साहेब छाती काढून आपल्या इंग्रजीत म्हणाले, "ब्रिटिश मला सरकारनं केलं. अमेरिकनही सरकारनंच केलं, आणि मत मी देणारच. पण इंग्लिश मला कुठल्या सरकारनं केलंय? मग ते काढून कोण घेणार?"

मला एकदम मोकळं वाटलं. भारत हरला होता, नवरा कपाळाला हात लावून बसला होता, आणि मी उभी राहून साहेबांसाठी टाळ्या पिटत होते.