वरवंडच्या शेडमधला उजेड

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आणि खरं सांगायचं तर वाचून हसते. रस्त्यात लिफ्ट मागणारी बाई, विहिरीतून येणारी हाक, अमावस्येला बंद पडणारी गाडी... गाडी अमावस्येमुळे बंद पडत नाही हो, सर्व्हिसिंग न केल्यामुळे पडते. माझा स्वभावच असा आहे. रांजणगाव एमआयडीसीत एका कंपनीत मी क्वालिटीला आहे, कारेगावात राहते. दिवसभर काम एकच — समोर आलेला पार्ट उजेडात धरायचा आणि त्यात खोट शोधायची. ही सवय ड्युटी सुटताना गेटवर ठेवून येता येत नाही, ती घरीही येते.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे कमेंटमध्ये तेच ते नको. आम्ही ख्रिस्ती आहोत. नाही, मी 'झाले' नाही, आणि मला कोणी काही दिलंही नाही. पणजोबांपासून आहोत. त्यांची कबर शिरूरला आहे, त्यावर गवत माजलंय, या कधीतरी, दाखवते. लहानपणी चर्च, संडे स्कूल, नाताळचं नाटक (मी कायम मेंढपाळ) सगळं केलं आणि विशीनंतर सोडून दिलं. भांडण झालं नाही. मला तिथं काही सापडलं नाही, इतकंच. 'देवाचं गौरव' हे शब्द इतक्या वेळा ऐकले, पण दर वेळी माझ्या डोळ्यांसमोर ग्रामपंचायतीतला सत्कारच यायचा. शाल, नारळ, फेटा.

आता आप्पांबद्दल. आप्पा म्हणजे माझे वडील. रेल्वेतून रिटायर झाले, आई गेल्यापासून दौंडला एकटेच राहतात. रोज पहाटे गुडघ्यावर. माझ्यासाठी, माझ्या मुलांसाठी, शेजारच्यांच्या म्हशीसाठीसुद्धा प्रार्थना करतात. त्यांना काचबिंदू आहे. डावा डोळा कधी गेला ते कळलंच नाही. उजवा, थेंब घालून घालून टिकवलेला. डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं — गेलेली नजर परत येत नाही, उरलेली आहे तेवढी जपायची. डोळ्यातलं प्रेशर वाढतंय, ऑपरेशन करून घ्या, उशीर केलात तर हाही डोळा जाईल. तारीखही ठरली होती.

आणि नेमके तेव्हाच हे प्रचारक ब्रदर आले. बाहेरगावचे, नाव लिहीत नाही. आमच्या दौंडच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणजे साधा माणूस. आजाऱ्याला भेटायला जाताना डाळिंबं नेतात, प्रार्थना करतात आणि निघताना 'गोळ्या वेळेवर घ्या' म्हणतात. ब्रदरचा प्रकार वेगळा. वरवंडला कांद्याची एक शेड भाड्यानं घेऊन ते रविवारी दुपारी सभा घ्यायचे. समोर पांढरं कापड घातलेलं टेबल, त्याचं नाव 'विश्वासाचं टेबल'. ज्याला बरं व्हायचंय त्यानं आपलं औषध, काठी, कमरेचा पट्टा आणून त्यावर ठेवायचा. म्हणजे मी बरा झालो असं मी मानलं. एकदा ठेवलेलं परत न्यायचं नाही. नेलं तर विश्वास उणा पडला.

आप्पांनी त्या टेबलावर थेंबांची बाटली ठेवली. मला कळलं ते फार उशिरा, फोनवर.

"आप्पा, थेंब घातले का?"

"न्हाई. बाटली देवाला दिली."

"देवाला काचबिंदू झालाय का?"

"तोंड सांभाळ, शलू. आन् ते आपरेशन बी कॅन्सल कर. प्रभूनं डोळा हातात घेतलाय."

मी नवी बाटली घेऊन दौंडला गेले. हात लावू दिला नाही. म्हणाले, दिलेलं परत मागायचं नसतं. आता सत्तरी उलटलेल्या बापाचं डोकं धरून त्याच्या डोळ्यात थेंब कसे घालणार, सांगा. पाळकसाहेबही समजावून थकले. मग मी ठरवलं — तीच बाटली, त्याच टेबलावरून, त्याच लोकांसमोर उचलायची. आप्पांच्या देखत. शपथ त्या टेबलाची असेल, तर मोडायचीही तिथंच.

पुढच्या रविवारी निघाले. न्हावऱ्यावरून चौफुल्याला आले, तिथं दोन वडापाव आणि चहा घेतला. (हे मुद्दाम सांगतेय. मी उपाशी नव्हते, मला चक्कर आली नव्हती, मला साखर नाही, बीपी नाही. कंपनीत दर वर्षी मेडिकल होतं.) वरवंडला पोचले तेव्हा सभा रंगात आली होती. ऊन मरणाचं. शेडची दोन्ही शटरं धुळीसाठी खाली ओढलेली, आत कांद्याचा वास, माणसं खच्चून भरलेली. मी आत शिरले आणि लाईट गेली. पंखे थांबले. अंधार म्हणावा असा नव्हता, पण समोरच्याचं तोंड ओळखू येईना. ब्रदरकडं बॅटरीवरचा माईक होता, त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही.

मी सरळ टेबलाकडं गेले. कोणी अडवलं नाही. त्यांना वाटलं असणार, मीही काही ठेवायला आलेय. रागानं माझे कान गरम झाले होते, ते अजून आठवतंय. टेबलावर इन्हेलर, गोळ्यांची पाकिटं, एक काठी, कोणाच्या तरी लहान मुलाचा पायाचा बूट, लोखंडी पट्ट्या लावलेला. तो बूट बघून तर मला त्या माणसाचा माईक हिसकावून घ्यावासा वाटला. मग आप्पांची बाटली दिसली. मी तिच्यावर हात ठेवला.

आणि उजेड झाला.

आला असं म्हणता येत नाही, कारण तो कुठून आला नाही. लाईट आली की आधी पंखा कुरकुरतो, ट्यूब फडफडते. तसलं काही नाही. पत्र्याच्या भोकांमधून उन्हाच्या बारीक तिरिपी उतरत होत्या, त्या दिसेनाशा झाल्या. म्हणजे हा उजेड उन्हापेक्षा जास्त होता... तरी डोळे दिपले नाहीत. मी सवयीनं सावली शोधली. आमच्या कामात उजेड बरोबर पडलाय का हे सावलीवरून बघतात. टेबलावरच्या काठीला सावली नव्हती. माझ्या हाताला नव्हती. मग लक्षात आलं की तो समोरून येत नाही, वरून येत नाही. माझ्या आतून येतोय असंही वाटलं, पण तेही पुरतं बरोबर नाही. आत आणि बाहेर असं काही वेगळं उरलंच नव्हतं. आणि राग — जड पिशवी कोणी आपल्या हातून घ्यावी, तसा तो माझ्याकडून घेतला गेला. मी दिला नव्हता.

हातातल्या बाटलीवरची बारीक अक्षरं मी वाचली. माझा जवळचा चष्मा स्कूटीच्या डिक्कीत राहिला होता आणि चष्म्याशिवाय मला पेपरचा मथळा धड वाचता येत नाही. पण मी बॅच नंबर वाचला. त्याखाली होतं, उघडल्यावर महिनाभरात वापरा. सगळं स्वच्छ वाचलं.

मग मान वर केली. आप्पा पहिल्या रांगेत बसले होते. त्यांचं तोंड मला दिसलं... आता हे कसं लिहू. जन्मभर बघितलेलं तोंड आहे ते. दाढीचे खुंट, गालावरचा वण, डाव्या डोळ्याची ती मेलेली बाहुली. सगळं तेच होतं, आणि ते इतकं मोलाचं होतं की माझ्याच्यानं बघवेना. शेजारच्या अनोळखी म्हातारीचंही तसंच. त्या बुटाच्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेल्या आईचंही. आणि, लिहायला जिवावर येतंय, पण ब्रदरचंही. मला त्या क्षणी 'गौरव' या शब्दाचा अर्थ कळला. तो सत्काराचा नाही. ते गौरव आधीपासूनच होतं, फक्त मला दाखवलं गेलं.

किती वेळ ते सांगता येणार नाही. मग पुन्हा ती अंधारी शेड, कांद्याचा वास, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी चाललेलं.

ब्रदरनी ते हेरलं. "हालेलुया. सिस्टरला प्रभूनं स्पर्श केलाय. या सिस्टर, साक्ष द्या."

माईक माझ्या तोंडासमोर. माझा हुंदका ओळखून आप्पा उठून उभे राहिले. "शलू? शलू हाय का तिथं? काय झालं गं? तुला काय दिसलं?"

इथं माझी खरी पंचाईत झाली. काही नाही दिसलं म्हणाले असते, तर आप्पांची पकड सैल झाली असती, कदाचित डोळा वाचला असता. दिसलं म्हणाले, तर झालंच, ते टेबल खरं ठरलं, आप्पांचा डोळा त्या टेबलावर गेला. एका खोट्या शब्दाचं काम होतं. आणि तो शब्द मला उच्चारता येईना. कंपनीत मी खराब पार्ट कधी पास केला नाही, तसा चांगला पार्टही कधी रिजेक्ट केलेला नाही.

"दिसलं," मी म्हणाले. "उजेड दिसला. देवाचा होता असं मला वाटतं. पण त्यात डोळ्याबद्दल एक शब्द नव्हता, औषधाबद्दल नव्हता, या टेबलाबद्दलही नव्हता. ही बाटली मी घेऊन चाललेय."

शेडमध्ये कुजबुज झाली. ब्रदर हसून म्हणाले, "सिस्टर, एवढं दर्शन होऊनही विश्वासात कमी पडताय तुम्ही."

"मग तुमचा चष्मा ठेवा टेबलावर," मी म्हणाले. "तुम्ही तर कमी पडत नाही."

मागून एक बाई फसकन हसली. ब्रदरनी लगेच गाणं सुरू केलं. मी आप्पांचा हात धरून त्यांना बाहेर आणलं. त्या बुटाच्या मुलाच्या आईला जाता जाता म्हणाले, उचला ताई. तिनं उचलला की नाही, ते मला दिसलं नाही. बाहेर भर उन्हात बाटली डोळ्यांसमोर धरली — अक्षरांच्या नुसत्या मुंग्या. डिक्कीतून चष्मा काढून लावला. बॅच नंबर मी आत वाचला होता तोच, एकही आकडा इकडचा तिकडं नाही.

स्कूटीवर आप्पा मागं बसले, पण खांद्यावर हात ठेवला नाही. पाटसला रसवंती दिसली म्हणून थांबले. रसाचा ग्लास तसाच धरून आप्पा म्हणाले, "सभेत माझी इज्जत घालवलीस." मग अगदी हळू आवाजात, "तू तर चर्चला बी येत न्हाईस. मी जल्मभर गुडघं टेकलं. मला का न्हाई दावलं त्यानं?"

मी त्यांच्या हातातला कलंडलेला ग्लास सरळ केला.

"ते बघाया डोळा लागतो का?" त्यांनी विचारलं.

पुन्हा तोच पेच. पुन्हा मी खरं सांगितलं. "नाही आप्पा. डोळे मिटलेले असते तरी दिसलं असतं."

"मंग झालं की. ह्यो डोळा वाचवून काय करू?"

मी हरले होते. माझ्याच खरेपणानं हरले होते, आणि शेडमध्ये गेलेला राग सगळा परत आला. "आप्पा, त्या उजेडात मी काय बघितलं सांगू? देव नाही बघितला. सिंहासन नाही, देवदूत नाही. तुमचं तोंड बघितलं. त्यानं एवढा उजेड केला आणि त्यात मला तुमचं खुंट वाढलेलं तोंड दाखवलं. त्याला तेच दाखवायचं होतं. तुम्हाला माझं तोंड बघायचं नाही का? पोरांची नाही बघायची? मला राहू द्या तुमच्या नजरेत. मला पाहिजे ते."

रसवाला आमच्याकडं बघत होता. बघू दे. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटली नाही.

आप्पांनी ग्लास बाकड्यावर ठेवला. मग मान मागं टाकली आणि उजवा डोळा बोटांनी उघडून धरला. "घाल," म्हणाले.

मी पर्समधून नवी बाटली काढली.

"ती टेबलावरची हाय का?"

"ती उघडून महिना उलटला आप्पा. ती आता वापरायची नसते."

"मंग एवढा दंगा कशापायी केलास?" असं म्हणून ते मान मागं टाकलेल्या अवस्थेतच हसायला लागले आणि पहिला थेंब गालावर गेला. दुसरा बरोबर पडला.

ऑपरेशन झालं. गेलेलं परत आलं नाही, ते येणारच नव्हतं. उरलेलं उरलंय. ब्रदरची माणसं म्हणतात, या बाईनं दर्शन मिळूनही विश्वास धरला नाही, म्हणून आप्पा पूर्ण बरे झाले नाहीत. कंपनीतली पोरं म्हणतात, मॅडम, मेंदूत केमिकल लोच्या होतो कधी कधी. पोरांना मी एकच विचारते — चष्म्याशिवाय बॅच नंबर कसा वाचला, ते सांगा. केमिकलनं नजर सुधारत असेल तर डॉक्टरबाईंना कळवते. माझ्याकडं स्पष्टीकरण नाही, आणि नाही म्हणून मी जे बघितलं ते खोडणार नाही. कोणाच्याही सोयीसाठी नाही.

अजून चर्चला मी नेमानं जात नाही. पण प्रार्थना करते. देवाशी भांडायला करते. दौंडला एक म्हातारा रोज पहाटे गुडघ्यावर बसतो, त्यानं माझ्याहून जास्त वाट बघितलीय, आणि तू अजून त्याला दाखवलं नाहीस. हे तुझं चुकतंय, असं तोंडावर सांगते त्याला. रोज सांगते.