मटामावरचं देवधान

सही करून मी टाक खाली ठेवला आणि पार्बताबाईंनी अंगठा द्यायला नकार दिला.

गोष्ट चांदा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या तलावाची. स्वराज्य येऊन थोडी वर्षं झाली होती. जनपद सभा, म्हणजे तहसिलीचा स्थानिक कारभार पाहणारी सभा, तलावाची पाळ ठेकेदाराकडून उंच करून घेत होती. काम पास होण्याआधी गावच्या पाच पंचांनी ते तपासायचं आणि पाचही जणांनी मान्य करायचं, असं ठरलं होतं. पगार नाही, भत्ता नाही. मी हायस्कुलात गणित शिकवायचो. घराण्यातला पहिला बी.एस्सी. आपणहून नाव दिलं. पार्बताबाईंचं नाव ढीवर टोलीनं, म्हणजे मासेमारांच्या वस्तीनं, दिलं. त्या तलावात मासे धरायच्या. त्यांची टोली पाळीच्या अगदी खाली. पाळ फुटली तर पाणी आधी त्यांच्याच घरात शिरणार.

पाळीवर माती किती पडली, हे कसं कळतं? माती काढलेल्या खड्ड्यात मधेमधे मूळ जमिनीचे खांब न खोदता ठेवतात. त्यांना मटाम म्हणतात. मटाम जितका उंच, तितका खड्डा खोल, आणि तितकी माती पाळीवर. टेकाडावरच्या खड्ड्यांतले बाराही मटाम मी स्वतः टेप लावून मोजले. एकही कमी भरला नाही. मी खूश. इतर तिघांनी माझ्या मोजणीवर भरवसा ठेवून सह्या केल्या, मग मी केली.

"बाई, अंगठा द्या," सभेचे ओव्हरसियर म्हणाले. "ऊन वाढतंय."

"नाई देत."

"काऊन जी?" मी विचारलं.

"मास्तर, तुमी वर पाह्यलं का? नुसता फीता खालीवर करून राह्यले." त्यांनी मटामाच्या माथ्यावरचं वाळकं गवत उपटलं. लांब कुसळं होती. "हा देवधान आहे. पान्यात होते. ह्या टेकाडावर कोनी पेरला, तुमच्या ठेकेदाराच्या बापानं?"

देवधान म्हणजे रानटी भात. तलावाच्या कडेला चिखलात उगवतो. आम्ही उभे होतो त्या टेकाडावर पावसाळ्यातसुद्धा पाणी थांबत नाही.

ओव्हरसियर हसले. "मास्तर, गवतावरून आता इंजिनियरिंग करायचं का?"

"एक कुदळ मागवा," मी म्हणालो.

"तुमची सही झाली आहे."

मी टाक उचलला आणि स्वतःची सही आडवी खोडली. शाई कागदावर पसरली. ओव्हरसियरांचं हसू गेलं. आमची शाळा सभेचीच होती, आणि हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

कुदळ आली. पहिल्याच घावाला माथा टोपीसारखा निघून पडला. वर हातभर काळी गाळाची माती, खाली पिवळा मुरूम. तलावातली ढेकळं गवतासकट कापून मटामांवर बसवली होती. बाराही तसेच निघाले. म्हणजे खड्डे हातभर उथळ, आणि पाळीत तेवढी माती पडलेलीच नाही.

"आता लिहा," पार्बताबाई ओव्हरसियरांना म्हणाल्या. "आन् ह्या मास्तरनं फीता बरोबर लावला होता, हेही लिहा. बिचाऱ्याले वाईट वाटून राह्यलं."

सगळे हसले. मीही हसलो.

पंचांचा रिपोर्ट मी लिहिला. लबाडी कोणी पकडली, तिथे पार्बताबाईंचं नाव लिहिलं. सभेच्या चेअरमननी मला बोलावून विचारलं, "मास्तर, बदलीची भीती नाही वाटली?"

"वाटली," म्हटलं. "पण बाई समोर उभ्या होत्या."

ठेकेदाराला गाड्या घेऊन परत यावं लागलं. मृगाच्या आत पाळ पूर्ण झाली. त्या पावसाळ्यात तलाव तुडुंब भरला, पाणी पाळीच्या माथ्याच्या वीतभर खाली राहिलं. ढीवर टोलीतल्या एकाही घरात थेंब गेला नाही. नोकरीत पुढे मला मानपत्रं मिळाली, पण काय कमावलं असं कोणी विचारलं तर मी आधी ही वीतभर जागा सांगतो.

बदली झालीच, पुढच्या वर्षी. नव्या गावातही पंच म्हणून नाव दिलं. तिथे पहिल्या दिवशी कारकुनानं टेप पुढे केला. मी म्हटलं, आधी कुदळ द्या.