वरातीच्या घोडीचं रक्त

काकांची पांढरी घोडी टेंभी नाक्यामागच्या तबेल्यात असे. ठाण्यातले बरेच नवरदेव तिच्यावर बसलेले. त्या वर्षी तुळशीची लग्नं उरकली आणि तिला ताप येऊ लागला. चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. पाय सुजले. आमच्या घराण्यातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून तिला गुरांच्या दवाखान्यात नेण्याचं काम माझ्याकडे आलं.

डॉक्टरांनी तिच्या कानाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि मला सूक्ष्मदर्शकातून पाहू दिलं. रक्तपेशींच्या गर्दीत बारीक किडे वळवळत होते.

"सर्रा," डॉक्टर म्हणाले. "चावणाऱ्या माशा पसरवतात. इंजेक्शन देतो, पण एवढ्यात तिला राबवलंत तर ती वाचणार नाही."

त्याच आठवड्यात एका साहेबांच्या मुलाची वरात ठरलेली होती. साहेब शिकलेले, घरी इंग्रजी पेपर येणारे. ते तबेल्यात आले तेव्हा मी काचेवर पाहिलेलं त्यांना अडखळत सांगितलं. शिकलेल्या माणसाला पटेल, असं मला खरंच वाटलं होतं.

"नवऱ्या मुलाला लागेल का ते?"

"नाही, डॉक्टर म्हणाले माणसाला होत नाही."

"मग अडलंय कुठे?"

"घोडी मरेल, साहेब."

"अरे, तासाभराची तर वरात. झूल जरा लांब सोडा, सूज कोण बघतंय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "असं कर, ताप नसेल त्या दिवशी पुन्हा तपासून आण. कॉलेजात जातोस ना?"

त्या दिवशी कदाचित काही सापडलंही नसतं. ताप उतरला की किडे रक्तात सहसा दिसत नाहीत, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. साहेबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. कचेरीतला कुठलाही निकाल दुसऱ्या खेपेला बदलून मिळतो, एवढीच त्यांची विद्या.

काका इतका वेळ घोडीला खरारा करत होते. मान वर न करता म्हणाले, "साहेब, पोराला चालत न्या. त्याचे पाय काही सुजलेले नाहीत."

साहेबांनी कल्याणहून दुसरी घोडी आणवली. तिचं रक्त कुणी तपासलं नव्हतं, त्यामुळे ती निरोगी होती.

वरात आमच्या नाक्यावरूनच गेली. इंजेक्शनाने आमच्या घोडीचा ताप उतरला होता, तरी ती मान टाकूनच उभी असे. बँड वाजला तशी तिने कान टवकारले आणि सवयीने दाराकडे निघाली. काकांनी तिचा दोर धरला आणि बँड लांब जाईपर्यंत सोडला नाही.